हवेतल्या घरांचे चित्रकार : आल्बेर रोबिदा



चरित्र-परिचयाच्या या पानावर संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ यांची ओळख करून देण्याची आपली रीत आहे. या वेळी आम्ही एका व्यंगचित्रकाराची निवड केली आहे. व्यंगचित्रकार म्हटले की थट्टा, टवाळी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण आज आपण ज्या तऱ्हेच्या घरात राहू लागलो आहोत, त्या घराचे चित्र या माणसाने सुमारे १४० वर्षांपूर्वी काढून ठेवले होते. त्यांचे नाव आल्बेर रोबिदा. देश फ्रान्स.

आज पालक झालेल्यांपैकी काहींनी लहानपणी टीव्हीवर जेटसन्स नावाचे कार्टून पाहिले असेल. उंच खांबावर बशीसारखे घर, दारात उडणारी मोटार, घरकाम करणारी यंत्रबाई, भिंतीवरच्या पडद्यावर समोरासमोर बोलणे, अशी त्यात मौज होती. ते कार्टून १९६२ साली अमेरिकेत प्रथम दाखवले गेले. त्याच्या जवळजवळ ८० वर्षे आधी, म्हणजे घरात विजेचा दिवासुद्धा नवलाचा होता त्या काळात, रोबिदा यांनी खांबावरचे घर, गच्चीवर उतरणारे वाहन आणि भिंतीवरचा बोलका पडदा कागदावर आणला होता.

सुताराचा मुलगा

रोबिदा यांचा जन्म १४ मे १८४८ रोजी पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या कोंपियेन या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. मुलगा शिकून दस्तऐवज करणारा नोटरी व्हावा म्हणून त्याला कचेरीत शिकाऊ म्हणून घातले. पण आल्बेरचे लक्ष दस्तऐवजांपेक्षा चित्रांकडे अधिक. शेवटी नोटरीचा नाद सुटला आणि १८६६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, एका विनोदी साप्ताहिकात त्यांची चित्रे छापून येऊ लागली. तिथून पुढे हातातली लेखणी साठ वर्षे खाली ठेवली गेली नाही.

ते पॅरिसला आले तेव्हा ते शहर उलथेपालथे होत होते. सम्राट तिसरा नेपोलियन याच्या हुकमाने ओस्मान नावाचा अधिकारी १८५३ पासून जुन्या गल्ल्या पाडून रुंद सरळ रस्ते काढीत होता. शेकडो वर्षांची घरे जमीनदोस्त होत होती आणि त्यांच्या जागी एकसारख्या उंच इमारती उभ्या राहत होत्या. नळाचे पाणी, गटारे, गॅसचे दिवे येत होते. घर ही कायमची गोष्ट नसते, एका पिढीच्या डोळ्यांदेखत ती पार बदलून जाऊ शकते, हे या तरुणाने रोज चालता चालता पाहिले.

१८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. चार महिने शहराची वाट बंद होती. लोकांनी घोड्यांचे मांस खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले प्राणीसुद्धा मारून खाल्ले. टपाल बाहेर न्यायला एकच मार्ग उरला होता, तो आकाशाचा. फुग्यांतून पत्रांच्या थैल्या शत्रूच्या डोक्यावरून बाहेर जाऊ लागल्या. रोबिदा त्या वेळी पॅरिसातच होते आणि वेढ्यातल्या दिवसांची रेखाटने करीत होते. पुढे त्यांच्या चित्रांत सगळे आकाश वाहनांनी गजबजलेले दिसते. त्याचे मूळ शोधताना वेढ्यातले ते फुगे विसरून चालणार नाही.

विसावे शतक कागदावर

१८७९ साली त्यांनी एका धाडसी प्रवाशाची मोठी सचित्र विनोदी कादंबरी लिहिली. ज्यूल व्हर्न याच्या साहसकथांची ती खेळकर नक्कल होती. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या, त्यामुळे तो आपल्या मुलांना परका नाही. व्हर्न आणि रोबिदा एकाच काळातले. फरक असा की व्हर्नचे नायक पाताळात, समुद्रतळाशी, चंद्राकडे जातात आणि रोबिदा मात्र माणसांच्या घरात शिरतात. नवे यंत्र आले की जेवणखाण कसे होईल, सासरा जावयाशी कसा बोलेल, मुलगी शाळेत कशी जाईल, हे त्यांना पाहायचे असते.

१८८० साली त्यांनी आणि प्रकाशक जॉर्ज देको यांनी ला कारिकात्यूर हे साप्ताहिक सुरू केले. रोबिदा यांनी ते बारा वर्षे संपादित केले. दर आठवड्याला नवी चित्रे हवीच असत, त्यामुळे शहरात येणारी प्रत्येक नवी वस्तू त्यांच्या नजरेखालून जाई. १८८१ साली पॅरिसला विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यात क्लेमां आदेर याने टेलिफोनच्या तारांतून दूरच्या नाट्यगृहातले गाणे लोकांना ऐकवले. लोक रांगा लावून कानाला यंत्र लावीत होते. आवाज घरी येऊ शकतो तर चित्र का येऊ नये, ही पुढची पायरी रोबिदा यांनी कागदावर घेतली.

१८८३ साली त्यांचे विसावे शतक हे पुस्तक निघाले. मजकूर त्यांचा, चित्रेही त्यांचीच. गोष्ट घडते १९५२ सालात, म्हणजे लिहिणाऱ्याच्या काळापासून ६९ वर्षे पुढे. एलेन नावाची पोरकी मुलगी शिक्षण संपवून पॅरिसला परत येते. तिचे पालक असलेले धनाढ्य सावकार पोंतो तिला म्हणतात की आता काहीतरी व्यवसाय निवड. तिच्या धडपडीबरोबर आपण त्या काळातल्या घराघरांतून फिरतो.

ही घरे कशी आहेत ते पाहा. वाहने हवेतून येतात, म्हणून घराचे मुख्य दार गच्चीवर गेले आहे. पाहुणा वरून येतो आणि पायऱ्या उतरून दिवाणखान्यात शिरतो. पूर्वी सर्वांत वरचा मजला गरिबांचा असे, कारण जिने चढावे लागत. आता तोच मजला मानाचा झाला. एका चित्रात तर उंच खांबावर बसवलेले आख्खे घर आहे आणि ते गरागरा फिरवता येते. वारा हवा असेल तर वाऱ्याकडे तोंड, ऊन नको असेल तर उन्हाकडे पाठ!

या घरांत चूल पेटवायची गरज नाही. एक मोठी कंपनी जेवण तयार करते आणि नळाने घरोघर पोचवते. पाण्याचा आणि गॅसचा नळ नुकताच घरात आलेला होता, मग आमटीचा नळ का नसावा, असा त्यांचा सरळ हिशेब. पण रोबिदा पडले व्यंगचित्रकार. नळ आला की गळती आली, आणि आमटीच्या नळाची गळती म्हणजे काय गोंधळ, हेही ते हसत हसत दाखवतात. नव्या सोयीबरोबर नवी गैरसोय घरात येते, हा धागा त्यांच्या साऱ्या चित्रांतून जातो.

भिंतीवरची काच

त्यांच्या कल्पनेतले सर्वांत मोठे यंत्र म्हणजे टेलिफोनोस्कोप. भिंतीत बसवलेली काचेची मोठी तबकडी. तिच्यात दूरचे माणूस दिसते व त्याचा आवाज ऐकू येतो. खुर्चीत बसून नाटक पाहता येते. परदेशी गेलेल्या मुलाशी आईबाप बोलू शकतात. दुकानातला माल घरून पाहून मागवता येतो. जगात कुठे लढाई चालू असेल तर तीही दिवाणखान्यात दिसते. रेडिओ अजून यायचा होता, सिनेमाही यायला बारा वर्षे होती.

१८९० च्या सुमारास त्यांनी याच धाग्याचे दुसरे पुस्तक लिहिले, विजेचे जीवन. त्याची गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. साल १९५५. विजेच्या प्रचंड साठ्यातून गळती होते आणि सगळ्या देशातल्या तारा एकमेकींत गुंततात. त्या गोंधळात जॉर्ज लोरिस या तरुणाच्या काचेवर एका अनोळखी मुलीचा घाबरलेला चेहरा उमटतो. तिचे नाव एस्तेल. ती आल्प्सच्या डोंगरात एका एकाकी ठाण्यावर आईबाबांबरोबर राहते. जवळपास शाळा-कॉलेज नाही. पण तिला इंजिनिअर व्हायचे आहे, म्हणून ती काचेसमोर बसून दूरच्या प्राध्यापकांची व्याख्याने ऐकते. अभ्यास चांगला, पण तोंडी परीक्षेला परीक्षक समोर आले की ती गांगरून जाते आणि नापास होते.

पालकहो, २०२० साली करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या भागातल्या मुलांनी काय केले ते आठवा. ओसरीत, माळवदावर, शेतातल्या झाडाखाली, जिथे रेंज मिळेल तिथे फोन धरून ती बसली. एका घरात एकच फोन आणि तीन भावंडे, असे कितीतरी ठिकाणी झाले. शाळा पुन्हा उघडल्यावर फळ्यासमोर उभे राहून चार वाक्ये बोलताना मुले अडखळत होती, हे आम्ही शिक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले. काचेतून माहिती मिळते, पण चारचौघांत बोलण्याचे धाडस वर्गातच येते, ही गोष्ट रोबिदा यांनी डोंगरातल्या त्या मुलीच्या निमित्ताने आधीच टिपली होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रोबिदा यांच्या विसाव्या शतकातल्या बायका वकील, डॉक्टर, पत्रकार होतात, निवडणूक लढवतात. त्यांत थट्टेचा सूर आहे हे खरे. तरीही १८८३ साली ते चित्र काढणे धिटाईचेच होते, कारण फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले. पुढे अमेरिकेत टेक्स अ‍ॅव्हरी यांनी १९४९ साली उद्याच्या घरावर एक गाजलेले कार्टून केले. त्यात आणि नंतरच्या जेटसन्समध्ये यंत्रे पुष्कळ आहेत, पण घर सांभाळायचे ते बाईनेच. या बाबतीत आधीचा रोबिदा पुढचा ठरला.

जुन्या घरांचा सोबती

इथवर वाचून वाटेल की हा माणूस जुन्याचा वैरी असणार. खरी गोष्ट उलट आहे. उडती घरे काढणारा हाच हात जुनी घरे जपत होता. १८७८ पासून त्यांनी इटली, स्वित्झर्लंड, स्पेन इथल्या जुन्या शहरांवर सचित्र पुस्तके काढली. १८९० नंतर जुन्या फ्रान्सचे चार मोठे ग्रंथ त्यांनी केले. गावोगाव फिरून लाकडी सज्जे, दगडी कमानी, वाकड्या गल्ल्या, कोपऱ्यावरच्या मूर्ती त्यांनी कागदावर उतरवून घेतल्या. यांतले पुष्कळसे पुढे पडले, जळाले, महायुद्धांत नष्ट झाले.

१९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. पाच कोटींवर लोकांनी त्याला भेट दिली. विजेचा राजवाडा, सरकते रस्ते अशा नवलाईने ते भरलेले होते. त्यात रोबिदा यांच्याकडे कोणते काम आले? सीन नदीच्या काठाने जुने पॅरिस उभे करण्याचे. ओस्मानच्या पाडकामात आणि त्याआधी नाहीशी झालेली घरे, देवळे, बुरूज त्यांनी आराखडे काढून पुन्हा उभे केले. प्रदर्शन संपल्यावर ते सगळे उतरवले गेले. पण काही महिने तरी पॅरिसच्या मुलांना आजोबा-पणजोबांच्या गल्लीतून चालता आले.

विजेचे जीवन या पुस्तकातही ही ओढ दिसते. त्यात ब्रिटनी हा प्रांत राखीव ठेवलेला आहे. तिथे नवी यंत्रे न्यायला बंदी. यंत्रांनी थकलेली माणसे तिथे जाऊन चालतात, झोपतात, शांत होतात. जॉर्ज आणि एस्तेल लग्नाआधी प्रवासाला निघतात, तेव्हा त्यांना तिथेच आनंद वाटतो.

भीतीही खरी ठरली

रोबिदा यांनी सोयी पाहिल्या तशी संकटेही पाहिली. १८८७ साली त्यांनी येणाऱ्या युद्धावर सचित्र पुस्तक काढले. त्यात चिलखती गाड्या, पाणबुड्या, विषारी वायू, आकाशातून मारा हे सगळे होते. त्या वेळी लोक हसले असतील. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि चार वर्षांत त्यातले बहुतेक खरे झाले. १९१९ साली, वयाच्या ७१व्या वर्षी, त्यांनी युद्धाविरुद्ध एक कडवट कादंबरी लिहिली. तिच्यात विज्ञानाच्या जोरावर चाललेल्या युद्धाने सारे जग उद्ध्वस्त झाले आहे आणि उरलेली माणसे ढिगाऱ्यांत, जमिनीतल्या बिळांत दिवस काढतात. तरुणपणी ज्यांनी माणसाचे घर ढगांत नेले, त्यांनीच म्हातारपणी ते बिळात उतरलेले दाखवले. यंत्र तेच असते, वापरणारा कसा यावर घर कुठे जाणार ते ठरते.

११ ऑक्टोबर १९२६ रोजी पॅरिसजवळ नयी इथे रोबिदा यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत लंडनला जॉन लोगी बेअर्ड यांनी दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक करून दाखवले होते. काचेवरचे चित्र जन्माला आले आणि ते आधी काढणारा गेला, असा हा योग. त्यांचे फिरते घरही पुढे एका परीने खरे झाले. इटलीत व्हेरोनाजवळ आंजेलो इनव्हेर्नित्सी या इंजिनिअरने सूर्याबरोबर फिरणारे घर बांधले. ते १९३५ साली पुरे झाले. पण ते एकच. घरोघर तसे झाले नाही, कारण फिरवण्याचा खर्च आणि त्रास पाहता एक झाड लावणे स्वस्त पडते.

रोबिदा कुठे चुकले हेही पाहायला हवे.  हवेतल्या वाहनांनी रस्ते ओस पडतील असे त्यांना वाटले, तसे झाले नाही. आमटीचा नळ आला नाही. पण ते नेमके कुठे बरोबर ठरले, हे शोधले तर एक गोष्ट कळते. यंत्राचे सुटे भाग कसे असतील याचा त्यांना पत्ता नव्हता. माणसाला काय हवे असते हे मात्र ते ओळखून होते. दूर गेलेल्या लेकराचा चेहरा दिसावा, ही आईची इच्छा १८८३ सालीही होती आणि आजही आहे. ती ज्या वस्तूने पुरी होईल ती वस्तू आज ना उद्या घरात येणारच.

आपले घर

आता आपल्या गावाकडे वळू. दुबलगुंडी आणि हुमनाबाद, बीदर, कलबुर्गीच्या या पट्ट्यात जुनी माळवदाची घरे होती, काही अजून आहेत. हातभर जाड भिंती, वर लाकडाचे खण, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, उजेडाला सवणे. पायाखाली शहाबादी फरशी, जी आपल्याच भागातून निघून साऱ्या महाराष्ट्रात गेली. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर ऊन असले तरी या घरात डोळा लागतो. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातली कारेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारी भुयारी वाट आहे. विजेशिवाय, पंपाशिवाय पाणी वाहून नेण्याची ही युक्ती आमच्या पूर्वजांच्या काळातले नवे तंत्रच होते.

आज ही घरे भराभर पडत आहेत आणि स्लॅबची घरे उठत आहेत. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकायला माणूस मिळत नाही, लाकूड महाग झाले, मुले पुण्याला, हैदराबादला, मुंबईला गेली. पावसात गळणाऱ्या घरात म्हातारपण काढायला सांगणे बरे नव्हे. पण घर पडले की त्याबरोबर शब्दही जातात. ढेळज म्हणजे काय, बळद कशाला म्हणत, देवळी कुठे असे, खण कसे मोजत, हे आज पाचवीच्या वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. आणि आपण सीमाभागातली मराठी माणसे. आपल्या शब्दांची राखण आपण केली नाही तर दुसरे कोण करणार?

रोबिदा यांनी जुने पाडू नका म्हणून रस्ता अडवला नाही आणि नव्यावर डोळे मिटून भाळलेही नाहीत. जे जाणार ते नीट टिपून ठेवले आणि जे येणार त्याकडे उघड्या डोळ्यांनी, थोडे हसत पाहिले. एवढे तर आपणही करू शकतो.

म्हणून पाचवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी या सुटीत दोन चित्रे काढावीत. पहिले आजी-आजोबांच्या घराचे. घर उभे असेल तर त्यात जाऊन, पडले असेल तर त्यांना विचारून. प्रत्येक भागाचे नाव त्यांच्याच तोंडचे लिहावे, ते कन्नड असेल, उर्दू असेल तरी चालेल. दुसरे चित्र २०७५ सालच्या आपल्या घराचे. त्यात यंत्रे हवी तेवढी घाला, पण उन्हाळ्यात ते घर थंड कसे राहील, पाणी कुठून येईल, आजी कुठे बसेल आणि घरकाम कोण कोण करील, हे चित्रात दिसले पाहिजे. चित्रे आपापल्या वर्गशिक्षकांकडे द्यावीत. निवडक चित्रे शाळेच्या भित्तिपत्रकावर लावली जातील आणि आजी-आजोबांना ती पाहायला आम्ही आवर्जून बोलावणार आहोत.